कोठाराआडचं पोतं

लालासाहेब हवालदार कोरियाला जाऊन आले होते, असं लालासाहेब हवालदार म्हणत. दुसरं कुणी तसं म्हणत नसे.

वडूजात फौजेतून परत आलेल्या माणसांना तोटा नाही. एस.टी. स्टँडवर खडा भिरकावला तर तो एक तर शेळीला लागेल नाही तर माजी सैनिकाला. कुणी आसामात होता, कुणी लडाखात. त्यांच्या गोष्टी लोक ऐकून घेतात, कारण ती ठिकाणं नकाशात सापडतात. कोरिया सापडत नव्हता. आमच्या हायस्कुलातला जगाचा नकाशा उजव्या कडेनं उंदरांनी खाल्लेला होता आणि कोरिया नेमका त्याच घासात गेला होता.

हवालदारांच्या तोंडची हकिगत अशी, की त्रेपन्न साली तिकडची लढाई थांबली तेव्हा आपल्या सरकारनं एक फौज पाठवली. लढायला नव्हे, दोन्हीकडचे कैदी राखायला. त्या फौजेत चोवीस वर्षांचे शिपाई लालासाहेब होते. बोटीनं गेले, तारेच्या कुंपणाशी चार-पाच महिने पहारा दिला, थंडीनं कानाच्या पाळ्या काळ्या करून घेतल्या आणि परत आले. पुरावा म्हणाल तर नोकरीचे कागद होते. पण पेन्शनच्या खटपटीत ते कुठल्याशा कचेरीत गेले आणि तिकडंच रमले. राहिला एक चामड्याचा पंजा. डाव्या हाताचा, फुगीर, बोटं एकमेकांना दोरीनं बांधलेली.

स्टँडसमोर चहाचं हॉटेल चालवणारा केरबा हा त्या पंजाचा कायमचा वैरी. हवालदार चहाला आले की तो विचारायचा, "हवालदार, दुसऱ्या हाताचा कुठाय?"

"दुसऱ्या हाताला नसतोयच त्यो."

"मंजी कोरियात मानसाला एकच हात?"

बाकड्यावरची मंडळी बशीतला चहा सांडेपर्यंत हसत. हवालदार मिशी पुसून उठत. दुसऱ्या दिवशी पुन्हा येत, आणि कुणी विचारलं नसताना पुन्हा कोरियाचं काढत. घरी तरी काय, त्यांची मंडळी साळूबाई चुलीवरचं आधण उतरवायला तोच पंजा वापरायची. त्यामुळे पंजाला कोरियाचा वास कधी आलाच नाही. आमटीचा मात्र यायचा.

पेन्शनीवर आल्यावर हवालदार आमच्या हायस्कुलात ड्रिल मास्तर झाले. बहात्तरच्या दुष्काळात शाळेच्या मैदानाच्या एका अंगाला पोरांना वाटायची सुकडी ठेवायला पत्र्याचं कोठार उभं राहिलं. शेवटचा पत्रा ठोकून झाला त्या दिवशी आमचं "दाहिने मूड" चाललेलं. हवालदार पुढचा हुकूम विसरले. आम्ही उजवीकडं वळून तसेच उभे. ते कोठाराकडं बघत राहिले आणि म्हणाले, "आक्षी तसंच हाय की रं! तितंबी अमेरिकन शिपाई बेसबॉल खेळायचं, त्या मैदानाच्या आंगाला असंच कोठार हुतं."

तिथून आमच्या वडूजात बेसबॉल आला. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी साळूबाईशी भांडून पेंडीची तीन रिकामी पोती आणली आणि त्यात माती भरली. एक घरचं पोतं. दुसरं त्याच्या उजव्या हाताला, नव्वद पावलांवर म्हणाले, पण मैदान तिथवर पुरलं नाही म्हणून साठ. तिसरं त्याच्याही पुढं, समोर. गुंडा सुतारानं बाभळीचं दांडकं करून दिलं. ते इतकं जड झालं, की मारणाऱ्यानं फिरवण्याऐवजी दांडकंच मारणाऱ्याला फिरवायचं. चेंडू धुळानं आणला. धुळा धनगरवाड्यावरचा, आमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. त्याच्या आईनं, दगडाबाईनं, लोकरीचं सूत आवळून आवळून गुंडाळलं आणि वर चामडं शिवून घेतलं. असला चेंडू की भिंतीला लागला तर भिंत ओरडावी.

खेळ सोपा. एकानं चेंडू टाकायचा, दुसऱ्यानं हाणायचा आणि दांडकं तिथंच टाकून पळायचं. उजवीकडचं पोतं शिवायचं, मग समोरचं शिवायचं. चेंडू आपल्याआधी तिथं पोचला तर बाद. इथपर्यंत सगळ्या जगात असाच असेल. पुढचं मात्र फक्त वडूजात होतं. समोरच्या पोत्यावरून गड्यानं डावीकडं वळून थेट कोठाराच्या मागं जायचं. तिथं त्याला कुणी बाद करायचं नाही. हवा तेवढा वेळ बसायचं, श्वास खायचा, रांजणातलं पाणी प्यायचं आणि संधी साधून बाहेर पळत येऊन घरचं पोतं गाठायचं. याला आम्ही "आडोसा" म्हणायचो.

हा आडोसा आम्हाला लय आवडायचा. कृष्णात नावाचा आमचा एक गडी होता, अंगानं भरलेला. तो एकदा आडोशाला गेला तो सुकडीचा तोबरा भरून तिथंच झोपला. शाळा सुटल्याची घंटा झाली तेव्हा धावत बाहेर आला आणि रिकाम्या मैदानात घरचं पोतं शिवून दोन्ही हात वर करून नाचला. हवालदारांनी तो गुण धरला.

"आवं पर असा कुठं खेळ असतोय?" मी एकदा म्हणालो. त्या वर्षी मी मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसत होतो, त्यामुळे मला शंका फार येत.

"तितं असाच हुता," हवालदार म्हणाले. "त्यांचं गडीबी आत गेलं की कवाकवा लय येळ बसायचं. माझ्या डोळ्यांनी बगितलंय." आणि मिशी पुसून, "खेळलोय मी त्यांच्यासंगं."

त्यांच्या डोळ्यांवर आमचा विश्वास बसला. खेळल्याचं मात्र केरबाला पटलं नाही. पण खेळ होता झकास, आणि धुळा म्हणजे त्यातला राजा. मेंढरं वळवणारा माणूस दगड कधी मेंढराला मारत नाही. पुढच्या मेंढीच्या तोंडापुढं वीतभर टाकतो, मग ती वळते आणि कळप वळतो. लहानपणापासून हेच करत आलेला हात. धुळाचा चेंडू दांडक्यापुढून वीतभर जायचा आणि मारणारा मेंढीसारखा वळायचा.

आम्ही एका बाजूला आठ जण खेळायचो. आठच का, असं कुणी विचारलं नाही. हवालदारांनी तिथं मोजून आठ बघितले होते.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर शाळेत एक पत्र आलं. पुण्याचे कुणी आगाशे सर हा खेळ जिल्ह्याजिल्ह्यांत नेत होते. सांगलीला तीन दिवसांचं शिबिर होतं. सातारा-सांगलीकडं कुणाला हा खेळ येत असेल तर कळवावं. आमच्या हेडमास्तरांची छाती शर्टात मावेना. त्यांनी उलट टपाली कळवलं, की आमच्याकडे प्रत्यक्ष कोरियात अमेरिकन सैनिकांबरोबर खेळलेले तज्ज्ञ असून संघ तयार आहे.

केरबानं हे ऐकलं आणि त्याची सांगलीला दिलेली बहीण एकाएकी आजारी पडली. "बगून येतो बिचारीला," तो म्हणाला. "शिबिराच्याच दिवशी जातो. आन् हवालदार, ध्यानात ठेवा. तितं जानकार मानूस असनार हाय. आता काय त्ये कळंल. खेळ खरा निघाला तर कोरिया खरा. न्हाईतर त्या दिसापास्नं हितं कोरियाचं नाव काढायचं न्हाई."

"न्हाई काढनार," हवालदार म्हणाले. बाकड्यावरच्या दहा-बारा जणांनी ते ऐकलं.

सांगलीला जायला सकाळची गाडी. साळूबाईनं धपाटी बांधून दिली, पंजा घासून तेल लावून दिला. गाडी मायणीच्या पुढं गेली तरी हवालदार पंजा मांडीवर घट्ट धरून बसलेले. मी शेजारी. विट्याच्या स्टँडवर बाकीचे खाली उतरले तेव्हा ते खिडकीकडं बघत म्हणाले, "मी खेळलो न्हाई रं."

मला आधी कळलंच नाही.

"खेळलो न्हाई. नुसतं बगितलंय. आमची ड्युटी तारंच्या आत, ती लोकं तारंच्या भाईर. माझ्या चौकीसमोर कोठार, आन् कोठाराच्या पल्याड त्यांचं मैदान. दीड म्हैना रोज बगितलं. पोरांस्नी शिकवताना तोंडातनं निगून गेलं, खेळलोय म्हनून. आता त्यो पुन्याचा सायेब म्हनला, घ्या दांडकं, तर?"

"मग पंजा कुठून आला?"

"त्यो खरा हाय. लाल केसांचा एक पोरगा हुता, माझ्याच वयाचा. लंगरातल्या पुऱ्या तारंतनं दिल्या त्याला चार. त्यानं ह्यो जुना पंजा दिला." ते पंजाच्या दोऱ्या चाचपत राहिले. "त्याचंच वाईट वाटतंय. शेवटच्या दिशी त्यो पळत कोठाराआड गेला. आन् भाईर आलाच न्हाई. माझी ड्युटी संपली, अंदार पडाय लागला, मैदान मोकळं. मी तसाच बगत. दुसऱ्या दिशी आमची बदली दुसऱ्या चौकीवर. त्या भागात जमिनीत सुरुंग पुरल्यालं असायचं. कुनाला इचारनार?"

 मी आपलं एक धपाटं पुढं केलं. त्यांनी ते घेतलं आणि हातातच धरून तासगावपर्यंत आले.

सांगलीचं मैदान आमच्या मैदानाच्या तिप्पट. फक्कीनं आखलेलं, हिरवं, सपाट. कडेला पाहुण्यांसाठी मांडव, मांडवात पाण्याचे माठ. मैदानात पांढऱ्या कापडाची पोती मांडलेली. हवालदारांनी ती मोजली. मीही मोजली. चार होती.

"एक जादाचं असंल," हवालदार म्हणाले, पण त्यांचा आवाज ड्रिलचा नव्हता.

आगाशे सर उंच, किडकिडीत, चष्म्याला दोरी. बोलायला गोड. "वडूजचे ना तुम्ही? तुमच्याबद्दल फार ऐकलंय. आम्ही सगळे पुस्तकावरून शिकलेली माणसं. आधी तुमच्याच मुलांचा खेळ बघू या, म्हणजे सगळ्यांना अंदाज येईल. पण तुम्ही आठच? नववा आजारी का?"

"आमी आठच असतो," कृष्णात म्हणाला.

सरांनी चष्मा पुसला.

समोर त्यांनी पुण्याहून आणलेली मुलं. सुरुवात झकास झाली. धुळानं टाकायला घेतलं आणि पुण्याची तीन पोरं एकामागून एक वळली आणि बाद झाली. मांडवातून टाळ्या पडल्या. केरबा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. आजारी बहीण शेजारी उभी राहून शेंगा खात होती. टाळ्या ऐकून त्यानं तोंड वाकडं केलं. हवालदारांच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं.

मग आमची पाळी. माझं सांगण्यासारखं काही नाही. मी बाद झालो. पण कृष्णातनं टोला हाणला तो चेंडू थेट मैदानाच्या पार टोकाला गेला. अंग सांभाळत त्यानं उजवीकडचं पोतं शिवलं, समोरचं शिवलं. पुण्याचा पोरगा चेंडू आणायला लांब गेलेला. आमचे सगळे ओरडायला लागले, "आडोसा धर, कृष्णात, आडोसा!"

कृष्णात डावीकडं वळला आणि थबकला. कोठार कुठंय? नुसतं मोकळं मैदान. तिथं ते चौथं पोतं होतं आणि पोत्यावर पुण्याचा एक पोरगा हात पुढं करून उभा. कृष्णातनं त्याच्याकडं बघितलं, "तू रं कशाला हितं?" म्हणाला, त्याला वळसा घातला आणि सरळ मांडवात शिरला.

पाहुण्या बाया उठून उभ्या राहिल्या. कृष्णातनं माठातलं पाणी घेतलं, एक तांब्या प्याला, दुसरा भरला. तोवर पुण्याचा पोरगा चेंडू घेऊन त्याच्या मागं आला.

"हात लावू नगंस!" कृष्णात ओरडला. "आडोशाला हाय मी!"

असं हसू मी आजवर ऐकलेलं नाही. शिबिराला आलेले मिरजेचे मास्तर लोक गवतावर लोळायला लागले. पुण्याची पोरं पोट धरून खाली बसली. आणि त्या सगळ्यावर केरबाचा आवाज, "बगा! ह्यो कोरियाचा खेळ! गडी गेलाच न्हवता! मी पैल्यापास्नं म्हनतुया, गेलाच न्हवता!"

हवालदार घरच्या पोत्यामागं उभे होते. मला वाटलं, आता हा माणूस तसाच चालत स्टँडवर जाणार. ते चालायला लागले ते मात्र आगाशे सरांकडं. दोन पावलांवर थांबून टाचा जुळवल्या.

"सायेब, रिपोर्ट द्यायचा हाय. पोरांची चूक न्हाई. मी खेळलो म्हनून सांगितलं त्ये खोटं हाय. मी पहाऱ्यावर हुतो, नुसतं बगितलंय. पर बगितलं त्ये खरं हाय. गडी कोठाराआड जायचा, आन् भाईर यायचा. ह्ये मी माझ्या डोळ्यांनी बगितलंय. तुमी म्हनशीला त्ये मान्य."

हसणं हळूहळू थांबलं.  आगाशे सरांनी खाली पडलेली काडी उचलली, बसले आणि मातीत चौकोन काढला.

"तुम्ही कुठं उभे होता?"

हवालदारांनी डाव्या बाजूला, चौकोनाच्या बाहेर बोट टेकवलं.

"आणि कोठार?"

हवालदारांनी काडी आडवी ठेवली. ती चौकोनाच्या डाव्या कोपऱ्यापुढं बरोब्बर बसली.

सर त्या काडीकडं बघत राहिले. मग काडी उचलली आणि त्या कोपऱ्यावर खडा ठेवला. "हे बघा हवालदार. हे चौथं पोतं. दुसऱ्यावरून गडी इथं येतो. थांबतो, संधी बघतो, मग घरी पळतो. आणि इथं समोरच्या बाजूचा एक माणूस राखणीला असतो. तो नववा. तुमच्या चौकीवरून दोन्ही दिसणं शक्यच नव्हतं. दोन्ही कोठाराच्या मागं."

"मंजी पोतं हुतं?"

"होतं. पण तुम्हाला ते दिसलं नाही, म्हणून तुम्ही मुलांना सांगितलंही नाही." सर उठले आणि मांडवाकडं वळून मोठ्यानं बोलले, कारण केरबाचं त्यांनीही ऐकलं होतं. "या माणसानं पुस्तकातून चोरून सांगितलं असतं तर चार पोती सांगितली असती आणि नऊ माणसं सांगितली असती. मनानं रचलं असतं तर कोठार कशाला घातलं असतं? तीन पोती आणि आठ माणसं हा हिशेब फक्त एकाच जागेवरून लागतो. कोठाराअलीकडच्या त्या चौकीवरून. मी दोन वर्षं हा खेळ शिकवतोय आणि अजून एकदाही खरा सामना बघितलेला नाही. इथं जमलेल्यांत तो बघितलेला माणूस हा एकच आहे."

कुणीतरी टाळी वाजवली. मग बरीच वाजली. केरबाच्या बहिणीनं शेंगांची टरफलं टाकून दिली आणि भावाला म्हणाली, "आरं मग गेलाच हुता की त्यो. बगितल्याबिगर का कोठार कळतंय?" केरबा खांबाला आणखी जरा टेकला.

हवालदारांनी अजून टाचा सोडल्या नव्हत्या. "सायेब, एक इचारू?" ते म्हणाले. "आत गेलेला गडी भाईर आलाच न्हाई, असं हुतंय का?"

"होतं की. नेहमी होतं. तो त्या पोत्यावर उभा असतानाच त्याच्या बाजूचे तीन गडी बाद झाले की डाव संपला. शेवटचा डाव असेल तर खेळच संपला. मग तो तिथूनच आपल्या लोकांत मिसळून निघून जातो."

"कोठाराच्या पल्याडनंच?"

"पल्याडनंच. त्यांच्या गाड्या कुठं उभ्या असायच्या?"

"पल्याडच," हवालदार म्हणाले. "ट्रकचा आवाज आलता त्या दिशी." मग त्यांनी एक लांब श्वास सोडला, आणि माझ्या देखत पहिल्यांदाच तो माणूस मैदानात मांडी घालून खाली बसला. "मंजी गेला घरी. गेला घरी त्यो."

आगाशे सरांना यातलं काही कळलं नाही. मी काही सांगितलं नाही.

पुढचे दोन दिवस आम्ही चौथं पोतं शिकलो. कृष्णातला ते फारसं पटलं नाही. उघड्यावर, तहानलेलं, एका पोत्यावर उभं राहायचं, यात कसला खेळ, असं त्याचं म्हणणं. धुळाला सरांनी पुण्याला चल म्हटलं. तो म्हणाला, मेंढरं कोकणातनं आली की बगू. सर हवालदारांना रोज दुपारी मांडवात बसवून विचारायचे, तो चेंडू झेलणारा कसा बसायचा, टाकणारा मान का हलवायचा. हवालदार उठून करून दाखवायचे आणि सर वहीत लिहून घ्यायचे.

परत आलो त्या दिवशी हवालदार केरबाच्या हॉटेलात गेले. बाकडं गच्च भरलेलं.  केरबानं न मागता चहा पुढं ठेवला, फडकं खांद्यावर टाकलं आणि छपराकडं बघत म्हणाला, "हवालदार, तितं थंडी लय असंल न्हाई?"

पाच वर्षांत कोरियाबद्दल त्यानं विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न. कुणी न विचारता सगळं सांगणारे हवालदार आज मात्र नुसते हसले. "हुती की," म्हणाले. चहा पिऊन झाल्यावर बशी पालथी घालून ते उठले.

"बसा की. निगाला कुटं?"

"घरी. साळूकडनं आजून एक पोतं काढायचं हाय."

ह्या वेळी भांडण झालं नसणार. कारण दुसऱ्या दिवशी मैदानात कोठाराशेजारी जे चौथं पोतं दिसलं, ते पेंडीचं नव्हतं. ज्वारीचं होतं, नवं कोरं, तोंड साळूबाईनं नीट शिवलेलं. आणि पंजाला आमटीचा वास येणं त्या दिवसापासून बंद झालं.